बाबांची युक्ती

क्रेगीबर्नच्या माझ्या घरी, गॅरेजमध्ये ग्रीसचा डबा उघडला की मी मनाने थेट बर्फातल्या त्या लॉजवर पोचतो, जिथे मी पूर्वी नोकरीला होतो. त्या दिवशी छोट्या ट्रॅक्टरला बर्फ ढकलायचं पातं बसवत होतो, म्हणजे त्याच्याशी कुस्तीच खेळत होतो! पुण्याहून आलेले बाबा, जन्मभर फिटर, शेजारी उभे.

"अरे, पातं कशाला उचलतोस? ट्रॅक्टर हळूच पुढे घे, दोन्हीकडची पिनांची भोकं आपोआप जुळतील."

लॉजचा बॉस बघत होता. मी ऐटीत म्हणालो, "बाबा, थंडी आहे, तुम्ही आत बसा."

ते आत गेले. मग मी त्यांनी सांगितलं तसंच केलं आणि पिना खटकन बसल्या.

"गुड ऑन यू, मेट!" बॉसने मला शाबासकी दिली. मी नटासारखा वाकून सलाम ठोकला. खिडकीआड बाबा माझ्यासाठी टाळ्या वाजवत होते.

आता हा किस्सा मी रंगवून सांगतो. त्यात हिरो बाबाच असतात. ऐकायला मात्र ते नाहीत.