टाळ्या वाजवणारे काका

अटलांटिक सिटीच्या एका कसिनोत भेटलेल्या त्या काकांचं नाव विचारायचं राहिलं, आणि आभार मानायचेही.

अमेरिकेत नोकरीसाठी लागणाऱ्या व्हिसाच्या लॉटरीत माझ्या रूममेटचं नाव आलं होतं, माझं नाही. तरी वीकेंडला तो मला जर्सी सिटीहून इथे घेऊन आला. मला खेळायचा मूड नव्हता. काकाही खेळत नव्हते. अंगात हाफ स्वेटर, पायात बहुतेक जावयाचे मोठे बूट, खिशात भाजलेले शेंगदाणे. कुणी जिंकलं आणि त्याचं मशीन वाजलं की ते लगबगीनं तिथे जायचे आणि “वा, छान झालं” म्हणत मनापासून टाळ्या वाजवायचे. एका अमेरिकन आजींनी तर त्यांना मिठीच मारली.

“काका, तुम्ही नाही खेळत?” मी विचारलं.

“छे रे.” त्यांनी माझ्या हातावर शेंगदाणे ठेवले. “इथे सारखं कुणाचं ना कुणाचं चांगलं होत असतं. ते बघायला मिळतं, अजून काय पाहिजे?”

मी बाहेर समुद्रावर आलो. रूममेट फोनवर आईला व्हिसाचं सांगत होता. मला बघताच त्यानं आवाज खाली आणला.

मी टाळ्या वाजवल्या. तो बघतच राहिला, मग त्यानं फोन स्पीकरवर टाकला.