हरणीचं वजन

पहिल्या भेटीत हरणीने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. जतच्या पुढे, मामांच्या माळावर, ती बाभळीच्या सावलीत मान ताठ करून उभी होती. हरणी म्हणजे मामांची कारवान कुत्री. कारवान ही आमच्या भागातली शिकारी कुत्र्यांची जुनी जात. लांब पाय, आत गेलेलं पोट, अरुंद तोंड आणि चेहऱ्यावर असा भाव, की आपणच त्यांच्याकडे कामाला आहोत. मी दिल्लीहून तिला न्यायला आले होते आणि तिला त्याचं काडीचंही कौतुक नव्हतं.

मामांनी आयुष्यभर ही जात सांभाळली आणि आयुष्यभर घरच्यांची बोलणी खाल्ली. 'पोरांपेक्षा कुत्र्यांना दूध जास्त' ही तक्रार मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आता त्यांच्या गुडघ्याने दगा दिला होता. माळावर हिंडणं बंद झालं आणि शेवटची उरलेली हरणी कुणाला द्यायची, हा घोर लागला.

"माझ्या मागं हिला इचारनारं कोन हाय घरात?" असं ते फोनवर म्हणाले, तेव्हा मी नेते म्हणून सांगून टाकलं. मी रोज सकाळी पळायला जाते, मला सोबत झाली असती.

मामांची अट एकच होती. "सामानात घालून न्यायची न्हाई, पोरी. माणसासंगं बसून गेली तर दिली. न्हाईतर ऱ्हाऊ दे हितंच."

मी शब्द दिला, तो काही उगाच नाही. ज्या विमान कंपनीचं तिकीट मी काढलं होतं, तिने नुकतंच मोठ्या कुत्र्यांना प्रवाशांबरोबर बसू द्यायला सुरुवात केली होती. शेजारची जागा आपण घ्यायची, कुत्र्याला मुसकं (तोंडाला बांधायची जाळी) घालायचं आणि वजन ठरलेल्या मर्यादेच्या आत हवं. जास्त भरलं, तर कुत्रं पिंजऱ्यात घालून विमानाच्या पोटात, सामानाशेजारी.

मामांनी तिला बेदाण्याच्या शेडमधल्या काट्यावर उभं केलं. काटा मर्यादेच्या अगदी जरासा अलीकडे थांबला. "हिलाच बघून कायदा केला असंल त्यांनी," मामा म्हणाले. मग स्वतःच्या हाताने तिला दुधात कुस्करलेली भाकरी चारली आणि आमची गाडी निघायच्या आधीच काठी टेकत आत गेले. मी पाठमोऱ्या मामांकडे बघत राहिले. हरणी मात्र खिडकीची जागा पटकावून बसली होती.

गाडी मिरजेच्या सलीमभाईंची. त्यांना आधी कुत्र्याची धास्ती होती. मिरज येईपर्यंत ते आरशात बघत तिच्याशीच बोलू लागले. "काय गं, वारा लागतोय का? काच वर घेऊ?"

पहिला मुक्काम माधवनगरला मावशीकडे, म्हणजे मामांच्या धाकट्या बहिणीकडे. 'दादाचं कुत्र्याचं याड' हा तिचा आवडता विषय. मला वाटलं, ती हरणीला फाटकाबाहेरच ठेवेल. पण मावशी दारात भाकरतुकडा घेऊन उभी! हरणीवरून तो ओवाळून टाकला आणि मग ताटलीभर तुपातला शिरा तिच्यापुढे सरकवला.

"मावशी, वजन वाढेल गं तिचं."

"वाढू दे की. सासरी निघालेल्या पोरीला कुनी उपाशी धाडतंय व्हय?"

एवढ्यावर भागलं नाही. पितळी घुंगरांचा जाड पट्टा तिने हरणीच्या गळ्यात बांधला. आम्हाला भडंगाच्या पुड्या दिल्या आणि पुढच्या सगळ्या नातेवाइकांना फोन केले. माझ्या विमानाचा घात असल्याच फोनांनी केला. कराडला सलीमभाईंच्या बहिणीकडे चहाला थांबलो, तर तिनेही हरणीसाठी अंडी उकडून ठेवली होती. सलीमभाईंनीही तिला फोन केला होता म्हणे. "लय लांब चाललीय, बिचारी," असं म्हणत तिने अंडी सोलून दिली. नको म्हणायला मला तोंडच राहिलं नाही.

अजिंक्यतारा दिसू लागला तेव्हा ऊन उतरलं होतं. साताऱ्यात प्रकाशदादाचं घर. दादा मामांचा, म्हणजे त्याच्या आबांचा, थोरला मुलगा, फौजेतून निवृत्त झालेला. कुत्र्यांवरून बापलेकांचं कधीच पटलं नाही. जेवताना त्याने मला चांगलंच धारेवर धरलं.

"मोठं कुत्रं विमानात माणसांत बसवायचं, हेच मला मान्य न्हाई. एसटीत भीती वाटली तर मानूस पुढच्या स्टॉपला उतरंल. विमानात त्यानं उतरायचं कुठं?"

"मुसकं असतं, दादा. पट्टा असतो. आणि घाबरणाऱ्याला लांबची जागा देता येते."

"आनी ज्याला दमा हाय त्याला?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण म्हणून शहाण्यासारखं बसणाऱ्या जनावराला पेट्यांच्या शेजारी कोंडायचं, हेही मला पटत नव्हतं. आम्ही दोघंही हट्टी, वाद तसाच राहिला.

सकाळी उठून बाहेर आले, तर पायरीवर दादा बसलेला आणि त्याच्या हातात कंदी पेढ्यांचा पुडा. एकेक पेढा तो हरणीला भरवत होता. मला पाहून ओशाळला. "आबांच्या हातची वाढलेली हाय," एवढंच म्हणाला आणि उरलेला पेढाही तिला देऊन टाकला.

पुण्याच्या विमानतळावर व्हायचं तेच झालं. काटा मर्यादा ओलांडून गेला. मी घुंगरांचा पट्टा काढला, मुसकं काढून हातात घेतलं, तरी वजन जास्तच. काउंटरवरची मुलगी भली होती. "मॅडम, खाली पाठवता येईल. तिथेही व्यवस्था असते. पण वर नाही बसवता येणार."

मागे उभा असलेला एक गृहस्थ हळूच म्हणाला, "मला कुत्र्याची भीती वाटते हो. पण ही वर आली असती तरी मी काही बोललो नसतो." मी त्याचे आभार मानले. नियमावर रागावण्यात अर्थ नव्हता. मर्यादा कुठेतरी असणारच, आणि ती आमच्याच माणसांनी शिरा-पेढे घालून ओलांडली होती.

मी बाजूला होऊन मामांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्यांनी आधी एकच विचारलं.

"कुनी कुनी घातलं खायाला?"

"मावशीने शिरा केला. सलीमभाईंच्या बहिणीने अंडी दिली. आणि प्रकाशदादाने पेढे."

"परकाशनं? आपल्या परकाशनं?"

"हो, मामा. स्वतःच्या हाताने भरवले. आबांच्या हातची आहे म्हणाला."

पलीकडे मामा हसत होते की रडत होते, मला कळलं नाही. मग घसा खाकरून म्हणाले, "मग घाल खाली. आपल्या मानसांच्यात खाऊन जड झालीया, आता माझं काय म्हननं न्हाई. तुला शब्दातनं सोडली."

मामांनी सोडलं खरं, पण आता मीच सुटायला तयार नव्हते. त्या क्षणी मला माझ्या सगळ्या गोतावळ्याचा असा अभिमान वाटला, की भर विमानतळावर छाती फुगली. ज्या कुत्रीला घराघरांतून माहेरवाशिणीचा मान मिळाला, ती पिंजऱ्यात जाणार नव्हती. मी काउंटरवर जाऊन नम्रपणे नको म्हणून सांगितलं.

पहिल्या वर्गाचा कूपे, म्हणजे कुत्रं बरोबर नेता येतं अशी दोघांपुरती बंद खोली, मिळेपर्यंत पुण्यात मैत्रिणीकडे राहिलो आणि मग आगगाडीने निघालो. हरणी खालच्या बाकावर पाय ताणून झोपली, मी उरलेल्या कोपऱ्यात अंग चोरून बसले. तिकीट तपासनीस तिला न उठवता गेला.

दिल्लीत आमच्या इमारतीच्या दारातच शेजारीण भेटली. हरणीला विमानाने आणणार, हे मी तिला निघतानाच सांगितलं होतं. तिने हरणीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हळहळून विचारलं, "हिला विमानात घेतलं नाही का हो?"

"घेत होते," मी म्हटलं. "आम्हीच बसलो नाही."