हरवली नाही, उतरली

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळली आहेत. कोणता चोर कोणत्या ठाण्यातला, हे विचाराल तर गोंधळ होईल. पण तलासरीकडच्या डोंगरांत, धरणाकाठी भर पावसात घडलेला तो प्रकार मला झोपेतून उठवून विचारा, जसाच्या तसा सांगेन. त्यात ना खून होता, ना दरोडा. एक म्हातारी होती, आणि तिने आम्हा सगळ्यांना वठणीवर आणलं.

मी तेव्हा तिथल्या ठाण्याचा प्रभारी होतो. धरणाच्या काठावर रिसॉर्टांची रांग उभी राहिली होती. हायवेवरून जाणारी मंडळी चारोटीला नाश्ता करून वर यायची आणि पाण्याकाठी एक मुक्काम ठोकायची. एका सकाळी असंच एक जोडपं ठाण्यात आलं. नवऱ्याला मिसिंग द्यायची होती, म्हणजे माणूस हरवल्याची तक्रार. बोर्डीला एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या आईला त्याने गाडीतून फिरायला आणलं होतं. रात्री मुक्काम झाला, आणि सकाळी पाहतात तर आई खोलीत नाही.

"सर, तिला आता काही कळत नाही हो. भ्रमिष्ट झालीय. पाण्याकडेच गेली असणार," असं म्हणून तो डोळे पुसू लागला.

मिसिंग दाखल केली, वर्णन आजूबाजूच्या ठाण्यांना कळवलं. पण दोघं शेअर रिक्षातून भिजत आले होते, ते मला खटकलं. गाडी कुठे, असं विचारलं तर म्हणाला, "या गडबडीत चावीपण सापडत नाहीये." एकाच सकाळी आई हरवते आणि चावीही हरवते, हे काही मला पचलं नाही. तरी आधी शोध घेणं भाग होतं.

धरण तुडुंब भरलं होतं. गावातले पट्टीचे पोहणारे कमरेला दोर बांधून पाण्यात उतरले. काठावर उभा राहून माझाच जीव टांगणीला लागला होता. तेवढ्यात त्या रिसॉर्टवर भाकऱ्या करणारी बाई धावत आली.

"साहेब, त्यांना वर काढा! बाय पाण्यात नाय. माझ्या घरी चुलीपाशी बसलीय. कोणाला सांगू नको म्हणाली, म्हणून गप बसले. पण तिच्यापायी कोणी बुडला तर?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिचा पाडा रिसॉर्टच्या मागेच होता.

हे ऐकून मुलगा काय म्हणाला असेल? "आधी या बाईला आत टाका. हिनेच माझ्या आईला फितवून नेलं. अपहरणाचा गुन्हा घ्या." इतक्या वर्षांच्या नोकरीत एक पाहिलंय. हरवलेलं माणूस सापडलं की घरचे आधी विचारतात, बरी आहे ना? याने ते विचारलंच नाही.

मी म्हातारीला पाड्यावरून घेतलं आणि सगळ्यांना ठाण्यात आणलं. "वरून फोन येईल, सर," तो म्हणाला.

"येऊ द्या की. ठाण्यातला फोन वाजायलाच ठेवलाय."

फोन आला. म्हातारीला मुलाच्या ताब्यात द्या आणि त्या बाईवर गुन्हा नोंदवा, असं सांगण्यात आलं. मी म्हटलं, लेखी द्या, पाळतो. लेखी काही आलं नाही. असलं लेखी कधी येतच नाही.

महिला कॉन्स्टेबलला सोबत घेऊन मी आजींना विचारू लागलो. त्या तोंड मिटून खिडकीबाहेर पाहत बसलेल्या. दारातून मुलगा म्हणाला, "बघा, काही कळतंय का तिला?" त्याला बाहेर बसवला आणि दार लावून घेतलं. मग आजींची पिशवी पाहिली. छत्री, चष्म्याचं घर, बीपीच्या गोळ्या आणि कोरडं लुगडं. भान सुटलेलं माणूस पावसात निघताना कोरडं लुगडं बरोबर घेत नाही. आता मी थेट विचारलं, "आजी, गाडीची चावी कुठे ठेवलीत?"

आजी हसल्या. कमरेच्या बटव्यातून चावी काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. "आत्ता सुचलं होय तुला? मला वाटलं, पोलीस हुशार असतात!"

मग त्या बोलायला लागल्या. "विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या दर्शनाला नेतो म्हणाला. जेवताना फोनवर बोलत होता, म्हातारीला ऐकू येत नाही असं धरून. सकाळी आईला आश्रमात सोडतो, मग वाडी मोकळी. अरे, त्या वाडीतले चिकू मी लावलेत, मी! मी हरवले नाही रे बाबा. मी उतरले. चावी नेली नसती तर तुमच्या आधी यांनीच मला शोधून गाडीत कोंबली असती. आणि त्या भाकरीवाल्या बाईला हात लावाल तर मीही तिच्याबरोबर आत बसेन."

जबाब लिहून वाचून दाखवला. 'रागाच्या भरात निघून गेले' या वाक्यावर त्यांनी मला थांबवलं. "राग खोड. विचार करून गेले, असं लिही." मी खोडलं आणि तसं लिहिलं. अशा बाईला भ्रमिष्ट म्हणणाऱ्याचा मला मनापासून संताप आला.

मुलाला आत बोलावलं. "आई, असं काय करतेस? चल घरी," तो म्हणाला.

"घरीच चाललेय, एसटीने. ही घे चावी, गाडी तुझी आहे. घराची मागू नकोस."

मी जीप देऊ केली. "नको. पोलिसाच्या गाडीतून उतरले तर गाव म्हणेल, म्हातारीला पकडून आणली." भाकरीवाल्या बाईला चिकूच्या दिवसांत घरी यायचं बजावून त्या छत्री उघडून स्टँडकडे निघाल्या. बाईवर गुन्हा नाही, मिसिंग बंद.

त्यानंतर मिसिंग द्यायला कोणी आलं की मी आधी तोंडावर विचारायचो, माणूस हरवलंय की तुमच्यापासून गेलंय? लोक चिडायचे. चिडू देत. म्हातारं झालं म्हणून कोणी सामान होत नाही, की उचललं आणि ठेवलं दुसरीकडे.

परवा माझा मुलगा म्हणाला, "बाबा, पाऊस मस्त पडतोय, चला फिरून येऊ." पोरगा गुणी आहे, शंकेला जागा नाही. तरी गाडीपाशी गेल्यावर मी हात पुढे केला. म्हटलं, "चावी इकडे दे. आज मी चालवतो."