चिखलदऱ्याची यादी

नव्या रांजणातल्या पहिल्या पाण्याचा वास नाकाच्या आधी घशाला कळतो. मार्च सरत आलेला असतो, सकाळचे साडेपाच वाजलेले असतात, हवेत अजून थोडा गारवा असतो. आपण पहिली बादली ओततो आणि कोरडी माती आतल्या आत पाणी पिऊ लागते. कान लावला तर तिची बारीक चुरचूर ऐकू येते. वाळूवर मांडलेल्या त्या तीन तांबूस पोटांभोवती ओली पोती गुंडाळून झाली, की उन्हाळा सुरू झाला असं मी धरते. मग हवामानाच्या बातम्या काही का सांगेनात!

आमचं घर वर्ध्याच्या कडेला, सावंगीच्या रस्त्यावर. खेड्यापाड्यांतून आलेले रुग्णांचे नातेवाईक फाट्यावर उतरतात आणि दवाखान्याच्या दिशेने चालू लागतात. हातात डबा, खांद्यावर घडी केलेली चादर, आणि चेहऱ्यावर एक प्रकारची घाई, जी कुठे जायचं ते ठाऊक नसलेल्या माणसांनाच असते. आमच्या फाटकाशी त्यांची पावलं थबकतात. नऊ वर्षांपूर्वी आम्ही गल्लीतल्या बायकांनी तिथे पाणपोई घातली. कोणी कोणत्या दिवशी रांजण भरायचे, पोती कोणी भिजवायची, वाळू कधी बदलायची, याची यादी मी करते आणि खिळ्याला अडकवते. सव्वीस वर्षं मी एका कॉलेजच्या कार्यालयात होते. जे कागदावर नाही ते घडलंच नाही, असा तिथला नियम. नोकरी मी मुदतीआधीच सोडली. नियम मात्र माझ्याबरोबर घरी आला.

उन्हाबद्दल आम्ही इथली माणसं घरच्या माणसाबद्दल करावी तशी तक्रार करतो. बाहेरच्याने केली की मात्र राग येतो. हेच ऊन आमच्या कुरडया दोन दिवसांत खणखणीत वाळवतं, गाद्यांचा कुबट वास काढतं, मिरचीला तिचा खरा रंग देतं. दुपारी बारा ते चार रस्ते निर्मनुष्य होतात, आणि त्या प्रखर शांततेत कूलरच्या घरघरीखाली अख्खं गाव एकाच वेळी डोळे मिटून पडतं, यातही एक सामुदायिक सुख आहे. पण गेल्या वर्षीच्या मे महिन्यात या उन्हाने आमच्याच घरात हात घातला. माझे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. सगळी गल्ली त्यांना गुरुजी म्हणते आणि लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून मीही. पवनारला एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी गेले होते, भर दुपारी परत निघाले आणि धाम नदीच्या पुलाशी बसची वाट पाहता पाहता खाली कोसळले. चार दिवस सलाईन. सुटी देताना डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून सांगितलं, की यापुढचे उन्हाळे यांना इथे काढू देऊ नका.

गुरुजींनी ते वाक्य शिक्षा म्हणून ऐकलंच नाही. त्यांची पहिली नेमणूक चिखलदऱ्याजवळच्या एका पाड्यावर झाली होती. तीन वर्षं, लग्नाआधीची. त्या वर्षांबद्दल ते फार बोलत नसत, पण पावसाळ्यात गच्चीवर उभे राहून वायव्येकडे बघत. वायव्येकडे इथून काय दिसणार? वीज मंडळाचे खांब आणि एक पाण्याची टाकी. तरीही बघत.

म्हणून या वर्षी आम्ही मे महिना चिखलदऱ्याला काढून पाहिला. परतवाड्यानंतर घाट लागला आणि बसच्या खिडकीतली हवा वळणावळणाला बदलत गेली. प्रत्येक वळणावर कोणीतरी अंगावरचं एकेक पांघरूण काढून घ्यावं, तशी. वर पोचलो तर गाव वाढीला लागलेलं. जिथे तिथे सिमेंटचे उघडे खांब, त्यांतून वर आलेल्या लोखंडी सळया, पुढच्या वर्षी आणखी एक मजला चढणार या भरवशावर तशाच सोडलेल्या. नागपूर-अमरावतीच्या गाड्या, नव्या खानावळी, शनिवारी माणसांचा पूर. गुरुजी ज्या कड्यावर बसून वह्या तपासत, तिथे आता स्वतःचा फोटो काढायला रांग होती. मला वाटलं, हे हिरमुसतील. पण ते रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. मीही इथे बाहेरूनच आलो होतो, गाव वाढलं म्हणून मी कोणत्या तोंडाने रागवू, असं काहीसं म्हणाले, आणि आपली पाळी आल्यावर मला फोटो काढायला लावला.

आम्ही राहिलो मीराबाईकडे. ही गवळीण बाई. म्हशी, खवा आणि पाहुण्यांच्या दोन खोल्या एवढा पसारा एकटी सांभाळते, आणि सगळा तोंडी. पहिल्या आठवड्यात गुरुजींच्या चेहऱ्यावरची राखाडी छटा उतरली. ते रात्रभर झोपू लागले. पहाटे शाल गुंडाळून फिरायला जात आणि शीळ घालत परत येत. एकतीस वर्षांच्या संसारात मी त्यांची शीळ ऐकली नव्हती!

आणि मी? मी त्या निर्मळ हवेत खुर्ची टाकून बसले होते. समोर दरी, दरीत ढगांच्या सावल्या सावकाश सरकणाऱ्या. किती वेळ बघणार? मीराबाईला मी खव्याच्या मागणीची वही घालून देते म्हटलं, तर ती हसली आणि मला दह्याची वाटी दिली. रोज सकाळी सात वाजता मी वर्ध्याला फोन लावत असे. शेजारच्या कुसुमताईंना विचारत असे, की आज पाळी कोणाची, रांजण भरले का, पोती भिजवली का. पंधरा दिवस त्यांनी उत्तरं दिली. सोळाव्या दिवशी म्हणाल्या, "अवं बाई, रांजन काय तुह्या फोननं भरून राह्यले काय? तिकडं हवा खायले गेली न, मंग खा न निवांत."

जूनमध्ये परतलो. रिक्षातून उतरताच पाहिलं, पाणपोई जागेवर नव्हती. बारा पावलं पलीकडे, कडुनिंबाखाली गेली होती. तिथे दुपारीसुद्धा सावली असते. नऊ वर्षांत मला ते सुचलं नव्हतं. लहान मुलांचा हात पोचावा म्हणून एक बुटका चौथा रांजण आला होता. खिळा रिकामा होता. यादी कुठे गेली, मी विचारलं. कुसुमताई म्हणाल्या, की यादीवरून रोज वाद व्हायचे. आता जिला आधी जाग येईल तिने भरायचे, आणि एकही दिवस रांजण कोरडा राहिला नाही. हे सांगताना त्यांचा चेहरा इतका उजळला होता, की मी मनापासून शाबासकी दिली. मग घरात गेले आणि घासून पालथी घातलेली कढई पुन्हा घासत बसले.

आपल्यावाचून एखादी गोष्ट नीट चालते, याचा आनंद व्हायला हवा ना? मग तो आनंद असा हलक्या पावलांनी, चोरासारखा का येतो?

दिवस गेले. दसरा झाला. मीराबाईच्या खोलीला गिऱ्हाइकं येत होती; येत्या मार्चपासून चार महिने खोली हवी की नको, ते तिला दिवाळीआधी कळवायचं होतं. ऑक्टोबरच्या एका दुपारी मी वही काढली आणि दोन रकाने आखले. जावे. राहावे. पहिल्या रकान्यात एकच ओळ आली: गुरुजींची प्रकृती. दुसरा झरझर भरत गेला. गुरुजींना तिथली पहाटेची थंडी बाधेल. गुरुजींचे नेहमीचे डॉक्टर इथे. गुरुजींची संध्याकाळची मित्रमंडळी इथे. गुरुजींना खव्याचा मोह, त्यात साखरेचा विकार. घाटात गुरुजींना गाडी लागते. अशी चौदा कलमं. लिहून झाल्यावर मला बरं वाटलं. निर्णय आपोआप झाल्यासारखा दिसत होता. वही टेबलावर उघडी ठेवून मी चहा ठेवायला गेले.

गुरुजी वही घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले. त्यांनी लाल पेनाने प्रत्येक ओळीतल्या आपल्या नावाखाली रेघ मारली होती.

"सुमन," ते म्हणाले, "चौदा कलमं हायत. चौदाही माह्याच नावावर."

मी म्हटलं, "तुमचीच तर काळजी आहे."

"मले घाटात गाडी कधी लागली? तुले यायचं नाई. एका ओळीत मावलं असतं."

आवाजात राग नव्हता. उत्तर बरोबर पण रीत दुसऱ्याची उतरवलेली, अशा विद्यार्थ्याशी ते याच सुरात बोलत असतील. वही त्यांनी ओट्यावर ठेवली आणि झाडांना पाणी घालायला बाहेर गेले.

मी पान उलटलं. वर "मी" असं लिहिलं. माझ्या कोणत्याही यादीत हा मथळा यापूर्वी आला नव्हता, आणि त्याच्याखालचं पान मला विलक्षण मोठं वाटलं. मग लिहिलं: तिथे मला कोणी हाक मारणार नाही. ते वाचलं, आणि खरं लिहिण्याची एकदा सुरुवात झाली की हात थांबत नाही म्हणतात तसं, खाली आणखी एक ओळ आली: इथेही आता मारावी लागत नाही.

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला. एवढ्या दोन ओळींना भिऊन मी एका माणसाला पुन्हा त्या पुलावर उभं करायला निघाले होते का? की सवय हीसुद्धा एक माया असते, आणि तिला सोडताना माणसाने थोडं खोटं बोलायचंच असतं? त्या क्षणी मला काहीच ठरवता येईना. म्हणून माझ्यासारखी बाई जे करते ते केलं: मुदत वाढवून मागायची ठरवली. संक्रांतीपर्यंत थांबाल का, एवढंच विचारायला मीराबाईला फोन लावला.

ती गोंधळली. "थांबाचं कायले, मॅडम? गुरुजींचं तर पक्कं झालं ना, दसऱ्याच्याच दिवशी. चार महिने. एकच खाट टाका म्हणले. मॅडमचं तिकडं काम असते, त्यायले नका विचारू म्हणले."

खिडकीतून गुरुजी दिसत होते. पाइपचं तोंड अंगठ्याने दाबून ते जास्वंदीवर फवारा मारत होते. सदऱ्याची एक बाही नेहमीसारखी भिजलेली. म्हणजे माझी चौदा कलमं लिहून व्हायच्या आधीच त्यांनी माझं मन वाचलं होतं. मला एका शब्दानेही अडचणीत न आणता स्वतःसाठी एका खाटेचा उन्हाळा आखून ठेवला होता. औषधं कोण आठवेल, शाल कोण पुढे करेल, हे कुठल्याही कागदावर न मांडता! मला प्रथम आला तो संताप. तो खरा होता आणि बराच मोठा होता. मग तो ओसरला, आणि त्याच्या तळाशी जे उरलं त्याला मला नाव देता आलं नाही, द्यावंसंही वाटलं नाही. फोनमध्ये एक म्हैस हंबरली.

"दुसरीही टाका," मी म्हटलं.

"अन् तुमचं काम?"

"ते आता बाकीच्या करतात," मी म्हणाले, आणि हे वाक्य इतकं सहज निघालं, याचं माझं मलाच नवल वाटलं.