अक्काची पहिली वही

धुळ्याच्या बसस्टँडवर पुण्याची गाडी लागली होती. माझी थोरली बहीण, अक्का, खिडकीखाली उभी होती. तिनं पिशवीतून दोनशेपानी वही काढून वर दिली. "सांभाळीसन ठेव. आबाना बठ्ठा शबद हिन्हामा शेतस."

आबा म्हणजे आमचे वडील. दहावीनंतर अक्का शेतातच राहिली. आबांच्या मागे फिरत बैलांच्या रंगांची, मातीच्या जातींची, तिफणीच्या एकेका भागाची नावं ती चार वर्षं लिहून घेत होती. पुण्यात छापखाने आहेत आणि भाऊ शिकलेला आहे, एवढ्या भरवशावर तिनं ती वही मला दिली.

पुण्यात मी तीन खोल्या बदलल्या. त्यात कधीतरी वही रद्दीत गेली. ऑफिसात मला माझी अहिराणी बोली लपवायची घाई होती. तुमच्यातले जे माझ्यासारखे गाव सोडून गेलेत, त्यांना ही घाई माहीत असेल.

अक्का फोनवर विचारायची. "छापायला दिलीय, वेळ लागतो," मी म्हणायचो. दोन वर्षं हेच म्हणालो. मग आबा गेले. तेराव्याला मी तिला खरं सांगितलं.

ती चुलीपुढून उठलीही नाही. "आबा व्हतात तवय काबर नही सांगं तू?"

आबा दोन वर्षं ओसरीवर बसून होते. विचारलं असतं तर सगळं पुन्हा सांगितलं असतं त्यांनी.

अक्कानं आठवून आठवून, म्हाताऱ्या बायांना विचारून पुन्हा लिहिलं. धुळ्याच्या एका प्राध्यापकांनी ते छापून आणलं. यंदा तिथंच तिचा सत्कार झाला. निवेदक म्हणाला, शहरातल्या भावाचं पाठबळ लाभलं. लोकांनी माझ्याकडे पाहून टाळ्या वाजवल्या.

मग अक्का बोलायला उठली. शाल नीट करत म्हणाली, "हाई पुस्तक अर्धं शे. पहिली वही जाडी व्हती. ती गयी." कुणी घालवली, ते तिनं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी गावी तिच्याकडे जेवलो. दोन दिवस राहतो म्हणालो.

"राहा ना. पण तुमची गैरसोय होईल इथं," ती म्हणाली. स्वच्छ पुणेरी मराठीत, आणि मला, धाकट्या भावाला, 'तुम्ही' म्हणून.

तेवढ्यात शेजारीण आली. दारात उभ्या उभ्या दोघी अहिराणीत बोलत, हसत राहिल्या. मला शब्द न् शब्द कळत होता. गाव म्हणजे आता माझ्यापुरतं एवढंच: सगळं कळतं, पण ते मला उद्देशून नसतं. संध्याकाळच्या गाडीनं मी निघालो.