नेटशिवाय चालत नाही, असं मी सांगितलं

मंडळी, दुपारच्या डेमोपासून डोक्यात किडा वळवळतोय.

मी आणि बायको स्नेहा कोपरखैरण्याच्या घरातूनच ट्रकवाल्यांसाठी ॲप बनवतो. गुंतवणूकदार नाही, सगळं आमच्याच बचतीवर. न्हावा शेवा बंदराच्या रांगेत नेट गेलं तरी ॲप चालतं, हाच आमचा हुकमी एक्का.

आज तळोज्याचे एक ट्रान्सपोर्टर ऑनलाइन डेमोला आले. एरवी सगळे पहिलं विचारतात, "ड्रायव्हरला जमेल ना?" यांनी विचारलं, "नेट नसताना डेटा कुठे साठवता?"

मला लगेच संशय आला. हा गिऱ्हाईक नाही, कुठल्यातरी मोठ्या कंपनीचा माणूस आहे, आमची आयडिया ढापायला आलाय.

मी थंडपणे सांगितलं, "नेटशिवाय नाही चालत आमचं."

"मग काय उपयोग?" म्हणून त्यांनी कॉल कट केला.

मी खुशीत स्नेहाला सांगितलं. ती म्हणाली, "आणि खरंच त्यांचे ट्रक असले तर?"

तेव्हापासून त्यांचा नंबर समोर धरून बसलोय. अजूनही वाटतंय, चोरच होता. पण नसला तर? आता फोन करून "चालतं हो, नेटशिवाय चालतं" म्हटलं, तर ते विश्वास ठेवतील?

मी तरी ठेवला नसता. तुम्ही?