सुरकुत्या राहू द्या!

स्किन क्लिनिकच्या काउंटरवर बसणाऱ्या बाईला किस्से शोधावे लागत नाहीत. ते अपॉइंटमेंट न घेताच येतात आणि वर पंख्याखालची खुर्ची मागतात! गेली अकरा वर्षं मी बोरिवलीत, एका फरसाणच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, आमच्या डॉक्टर मॅडमच्या क्लिनिकमध्ये बसते. मी म्हणजे रेखाताई. वय अठ्ठावन्न, केस पांढरे आणि कपाळावर तीन ठसठशीत आडव्या रेघा.

आधीच सांगते, मी ट्रीटमेंटच्या विरोधात नाही. माझ्या दोन्ही गालांवर वांग होतं, ते मॅडमनीच घालवलं. सनस्क्रीन लावल्याशिवाय मी भाजीलासुद्धा जात नाही. पण कातडी निरोगी ठेवणं वेगळं आणि वय खोडून टाकणं वेगळं. हेही मी मॅडमकडूनच शिकले.

मॅडमची एक पद्धत आहे. पेशंट बसला की त्याच्या हातात आरसा द्यायचा आणि म्हणायचं, "नक्की काय नको, त्यावर बोट ठेवा." बोट आरशावर ठेवायचं, कारण मळका हात तोंडाला लावलेला त्यांना चालत नाही. ज्यावर बोट, तेवढंच काढायचं. सोबत आलेल्या नवऱ्याने, बायकोने, सासूने काहीही सांगू दे! फॉर्मवर लिहायचं आणि नंतर आरसा पुसायचा, ही माझी कामं.

*

चारकोपचे एक काका होते. तीस वर्षं बस चालवली. उजवा गाल कायम खिडकीकडे, म्हणून तो काळवंडलेला आणि डावा उजळ. काकू मोठ्या हौसेने त्यांना घेऊन आल्या.

"डॉक्टर, ह्यांचे दोन्ही गाल सारखे करून द्या. फोटोत दोन वेगळी माणसं दिसतात हो!"

काकांनी आरसा घेतला आणि पापणीवरच्या चामखिळीवर बोट ठेवलं. ती चष्म्याला घासायची.

"अहो, आणि गाल?" काकू ओरडल्याच.

काका शांतपणे म्हणाले, "गप बस. त्या गालाचीच पेन्शन खातेस तू!"

चामखीळ गेली, गाल राहिला. जाताना काकूंनी त्याच गालावरून हळूच पदर फिरवला, ते मी पाहिलं.

*

आता निखिल सर. मॅडमना अंधेरीत दुसरं क्लिनिक काढायचं होतं आणि हे त्यात पार्टनर होणार होते. सह्या सोमवारी होत्या, पण साहेब आठवडाभर आधीच येऊन बसले. वय पस्तीस, दाढी कोरलेली, हातात ब्रोशर. पहिल्याच दिवशी त्यांनी काउंटरवर कोपर टेकलं.

"आंटी, डोन्ट माइंड हां. पण स्किन क्लिनिकच्या काउंटरवर असा फेस? पेशंट म्हणेल, हिचंच काही झालं नाही, तर माझं काय होणार? कपाळ आणि गाल करून घ्या, स्टाफला फ्री आहे. नाहीतर आत फायलींच्या खोलीत बसा. सोमवारच्या आत ठरवा."

एक कडक मालवणी शिवी माझ्या ओठांपर्यंत आली होती. ती गिळली, कारण मॅडम शेजारीच उभ्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. निखिल सरांचं सोडा, मॅडमचं ते गप्प राहणं मला फार लागलं. नवरा गेल्यावर वर्षभर मी घरात तोंड मिटून बसले होते. या काउंटरवर येऊन मी परत माणसांशी बोलायला लागले. फायलींच्या खोलीत कोणाशी बोलू, झुरळांशी?

*

त्याच आठवड्यात एक होणारी नवरी आईला घेऊन आली. लग्नाला महिना होता.

"मम्मीची दहा वर्षं तरी कमी करा ना, प्लीज! त्याची मम्मी कसली यंग दिसते, यार!"

निखिल सरांनी लगेच ब्रोशर उघडलं. "आपल्याकडे खास पॅकेज आहे, मॅम..."

आईने आरशात बघून हनुवटीवर बोट ठेवलं. तिथे चार-पाच राठ केस होते. "हे तेवढे काढा. विहीणबाईंनी गळाभेट घेतली तर टोचायला नकोत."

"मम्मी! आणि डोळ्यांखालचं?"

"ते तुझ्या दहावीचं आहे, ते राहू दे," आई म्हणाली. "आणि मी मुलीची आई नाही दिसले, तर कन्यादान कोण करणार? तुझी मैत्रीण?"

निखिल सरांनी ब्रोशर मिटलं. मी फॉर्मवर 'हनुवटी' असं लिहिलं, जरा मोठ्या अक्षरात.

*

दुसऱ्या दिवशी मनोरीच्या मावशी आल्या. मावशी मासे विकतात. उन्हात बसून त्यांच्या गालांवर वांग आलं होतं, ते आता बरंच फिकं झालं होतं. निखिल सर पुढे सरसावले.

"मावशी, डाग तर गेले. आता सुरकुत्यापण घालवू या. एकदम झकास दिसाल!"

मावशींनी त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं, शिळी सुरमई बघावी तसं.

"नको रे बाबा. या सुरकुत्या बघून गिऱ्हाईक भाव करत नाय. गुळगुळीत तोंड केलं ना, तर बोलतील, हिला काय कळतंय ताजं मावरं? धंद्याची वाट लागंल माझ्या!"

त्या दिवशी मला खूप दिवसांनी पोटभर हसू आलं. पण जेवायच्या सुट्टीत डबा उघडला आणि परत सोमवार आठवला. मावशींचा धंदा त्यांच्या हातात होता. माझी खुर्ची कोणाच्या हातात होती, ते काही केल्या कळेना.

*

शनिवारी शेवटचा पेशंट गेला आणि निखिल सर म्हणाले, "मग आंटी, काय ठरलं? कपाळ की फायली?"

मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी पेशंटच्या खुर्चीकडे हात केला. "बसा, रेखाताई."

झालं, म्हटलं. अकरा वर्षांत त्या खुर्चीत मी वांगासाठी तेवढी बसले होते. मान ताठ ठेवून बसले. मॅडमनी आरसा माझ्या हातात दिला आणि इतर पेशंटना विचारतात तसंच विचारलं, "नक्की काय नको, त्यावर बोट ठेवा."

मी बघितलं. कपाळावरच्या रेघा बघितल्या, डोळ्यांच्या कडेच्या बघितल्या, ओठांजवळच्याही. नवऱ्याच्या आजारपणातली कुठली आणि अकरा वर्षं इथे हसून पडलेली कुठली, ते मला एकेक सांगता आलं असतं. एकही परकी वाटली नाही. खरं सांगते, मला माझा चेहरा त्या दिवशी आवडला.

माझ्या खांद्यामागून निखिल सर आरशात डोकावले. "ठेवा ना बोट, आंटी. लाजताय काय!"

मी ठेवलं. आरशात जिथे निखिल सरांचा चेहरा दिसत होता, बरोबर तिथे, त्यांच्या दोन भुवयांच्या मध्ये.

मॅडम खाली वाकल्या, माझं बोट कुठे आहे ते नीट बघितलं आणि फॉर्म स्वतःकडे ओढून पेनचं टोपण काढलं.

"हे एका सिटिंगमध्ये निघेल," त्या म्हणाल्या.